पोकळीतून वीज? आधी टेलरेस दाखवा

आमचे एक मामा कोयना प्रकल्पाच्या पोफळी इथल्या भूमिगत वीजगृहातून निवृत्त झाले. परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. रिकाम्या जागेत अमर्याद ऊर्जा भरलेली आहे, कपभर पोकळीतल्या ऊर्जेवर जगातले सगळे समुद्र उकळतील, आणि आता ती बाहेर काढणारी चिप येते आहे, असं त्यात सांगितलं होतं. खाली जोडलेल्या हातांची आणि अंगठ्यांची रांग लागली. मामांनी एवढंच लिहिलं, "टेलरेस कुठे आहे?"

टेलरेस म्हणजे टर्बाइन फिरवून झालेलं पाणी ज्या वाटेनं बाहेर पडतं ती वाट. मामांचं म्हणणं असं, की वीजगृह दाखवताना सगळे धरण दाखवतात. पाणी किती, उंची किती, दरवाजे किती. पण वापरलेलं पाणी खाली निघून जायला जागा नसेल तर वर कितीही पाणी असो, टर्बाइन फिरणार नाही. ग्रुपवर कुणाला हा प्रश्न कळला नाही आणि गप्पा कुणाच्या तरी वाढदिवसाकडे वळल्या. मला मात्र तो सोडवेना, कारण त्या व्हिडिओतलं निम्मं खरं आहे. ते निम्मं आणि उरलेलं निम्मं यांच्यामधली फट मामांनी तीन शब्दांत पकडली होती.

## पोकळी रिकामी का नसते

एखाद्या डब्यातली हवा काढून टाका, धूळ काढा, प्रकाश बंद करा, तापमान शक्य तितकं खाली न्या. उरतं ते निर्वात, म्हणजे ज्यातून काढण्यासारखं काही उरलेलं नाही अशी जागा. जुन्या भौतिकशास्त्राच्या लेखी इथे गोष्ट संपते.

क्वांटम भौतिकशास्त्र वेगळं सांगतं. लंबक घ्या. आपल्या डोळ्यांना दिसणारा लंबक हलून हलून थांबतो आणि बरोबर मधोमध निश्चल लटकतो. पण अणूच्या जगात 'बरोबर मधोमध' आणि 'अगदी निश्चल' या दोन गोष्टी एकाच वेळी पक्क्या असू शकत नाहीत. हे हायझेनबर्गचं 1927 सालचं अनिश्चिततेचं तत्त्व. जागा नेमकी करायला गेलं की वेग निसटतो आणि वेग नेमका केला की जागा. त्यामुळे क्वांटम लंबक कितीही शांत केला तरी थोडी थरथर शिल्लक राहतेच. त्या थरथरीच्या ऊर्जेला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात. कल्पना हायझेनबर्गच्याही आधीची आहे. प्लांकच्या 1911 सालच्या गणितात ती पहिल्यांदा डोकावली आणि 1913 मध्ये आइन्स्टाइन आणि ऑटो श्टेर्न यांनी ती उचलून धरली.

आता पुढची पायरी. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्रातल्या लाटा, आणि हे क्षेत्र सगळीकडे पसरलेलं आहे, त्या रिकाम्या डब्यातही. त्यातली प्रत्येक संभाव्य लाट हा एकेक लंबकच समजायचा. प्रकाश पूर्ण विझवला तरी प्रत्येक लंबकाची ती किमान थरथर उरते. म्हणून निर्वात म्हणजे क्षेत्र नसणं नव्हे. ते क्षेत्राची सर्वांत शांत अवस्था. मी तिला इथून पुढे तळपातळी म्हणेन. या शब्दातच पुढचं अर्धं उत्तर आहे.

## हे नुसतं कागदावरचं आहे का?

नाही. हीलियम वायू पहिल्यांदा द्रवरूप झाला 1908 मध्ये, लायडनला. बाकी सगळे पदार्थ पुरेसे थंड केले की गोठतात. हीलियम नेहमीच्या दाबाखाली गोठतच नाही, तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे 273 अंशांच्या कितीही जवळ न्या. त्याचे अणू हलके आणि एकमेकांना धरून ठेवण्याची ओढ क्षीण. उरलेली थरथर त्यांना घट्ट बसूच देत नाही. गोठवायचा तर वातावरणाच्या सुमारे 25 पट दाब द्यावा लागतो. ही थरथर अणूंची आहे, पोकळीची नव्हे, पण तत्त्व तेच.

पोकळीचा स्वतःचा पुरावा 1947 चा. विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रदरफर्ड यांनी (अणुकेंद्र शोधणारे अर्नेस्ट रदरफर्ड ते वेगळे, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही निराळं) हायड्रोजन अणूच्या दोन पातळ्यांत एक बारीकसा फरक मोजला. त्या दोन्ही पातळ्या तोवरच्या सिद्धांतानुसार अगदी सारख्या असायला हव्या होत्या. इलेक्ट्रॉनला भोवतालच्या क्षेत्राची थरथर जाणवते असं धरलं की तो फरक गणितात येतो.

## दोन आरसे आणि तंबोऱ्याची तार

सगळ्या दाव्यांचं माहेर मात्र कॅसिमिर परिणाम. हेंड्रिक कॅसिमिर आइंडहोव्हनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत होते. द्रवात तरंगणारे बारीक कण एकमेकांना किती ओढतात, असा अगदी कारखानी प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्याबद्दल बोलताना नील्स बोर शून्यबिंदू ऊर्जेविषयी काहीतरी पुटपुटले, असं कॅसिमिर पुढे सांगत. त्या पुटपुटण्यातून 1948 मध्ये एक छोटा, सुंदर निबंध आला. निर्वातात धातूच्या दोन गुळगुळीत, आरशासारख्या प्लेटा समोरासमोर अगदी जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील, त्यांच्यात विद्युतभार नसला तरी, असं त्यात म्हटलं होतं.

का? तंबोऱ्याची तार आठवा. दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे तिच्यात वाटेल ती लाट उमटत नाही. टोकाला स्थिर राहतील तेवढ्याच लाटा चालतात. दोन प्लेटांच्या मधल्या फटीचंही तसंच. फटीत न मावणाऱ्या लाटा वगळल्या जातात, बाहेर मात्र सगळ्या लाटांना मुभा असते. आतली थरथर बाहेरच्यापेक्षा कमी पडते आणि प्लेटा आत ढकलल्या जातात.

मोजायला पन्नास वर्षं गेली म्हटलं तरी चालेल. 1958 मध्ये स्पारने यांनी प्रयत्न केला, पण त्यात चुकीची शक्यता मोजलेल्या आकड्याएवढीच होती. खात्रीचं मोजमाप 1997 मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी केलं. पुढच्याच वर्षी उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी ते आणखी बारकाईनं केलं. म्हणजे ओढ आहे, ती मोजता येते आणि गणिताशी जुळते. व्हिडिओतला खरा अर्धा भाग तो हाच.

एक आडवाट घेतो. एमआयटीच्या रॉबर्ट जाफी यांनी 2005 मध्ये दाखवलं, की ही ओढ पोकळीच्या ऊर्जेचं नावही न घेता काढता येते. ती दोन धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांची परस्परांशी चाललेली देवाणघेवाण आहे, व्हॅन डर वाल्स बलाची (अणू-रेणूंमधल्या क्षीण ओढीची) लांब पल्ल्याची बहीण. घरातली पाल छताला उलटी चिकटते ती मुख्यतः याच बलाच्या जोरावर. म्हणून 'कॅसिमिरची ओढ मोजली, म्हणजे पोकळीतला खजिना सापडला' असं कुणी म्हणालं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते, आणि ती पाल या बाबतीत फारच जाणकार आहे. छताला चिकटून तिला कसली ऊर्जा मिळत नाही. उलट प्रत्येक पाऊल सोडवताना तिला स्नायू वापरावे लागतात.

## मग या ओढीवर गिरणी का चालत नाही?

प्लेटा जवळ येतात म्हणजे काहीतरी काम होतंच. त्यांना दोरी बांधून वजन उचलता येईल. 1984 मध्ये रॉबर्ट फॉरवर्ड यांनी नेमकं हेच सुचवलं होतं: पातळ धातूच्या पट्टीचं वेटोळं, जे कॅसिमिरच्या ओढीनं हळूहळू मिटत जाईल आणि वीज देईल. पोकळीतून ऊर्जा निघू शकते, तत्त्वतः. पण त्यांनी या यंत्राला जनित्र म्हटलं नाही, बॅटरी म्हटलं. तो शब्द त्यांनी विचार करून निवडला असावा.

आता कोयनेकडे या. शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं, चारशे मीटरहून जास्त खाली पोफळीला टर्बाइन फिरवतं. तिथून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीला अडवून त्याच्यावर पुन्हा वीज काढतात. मग ते कालव्यानं वाशिष्ठीत, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत आणि शेवटी अरबी समुद्रात. वाटेत जिथे उतार आहे तिथे वीज. समुद्रात पोचल्यावर काय? पाणी शिवसागरच्या कोट्यवधी पट आहे, पण वीज शून्य. समुद्राला जायला खाली जागा नाही. पोकळी ही ऊर्जेचा समुद्र आहे असं भक्तिभावानं सांगितलं जातं. उपमा अगदी बरोबर आहे, फक्त सांगणाऱ्याला ती नीट कळलेली नसते.

हुशार वाचक म्हणेल, समुद्राकाठी खड्डा खणा की. भरतीच्या रेषेखाली वाळूत खड्डा केला, तर पाणी आत धावेल, वाटेत पंखा बसवला तर फिरेल. खरं आहे. कॅसिमिरच्या दोन प्लेटा हा तसलाच खड्डा आहे. फटीतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली जाते, म्हणून थोडी ऊर्जा मिळते. पण खड्डा भरला, प्लेटा मिटल्या, की खेळ खलास. पुन्हा खेळायचं तर पाणी बादलीनं उपसायचं, म्हणजे प्लेटा ओढून दूर करायच्या. त्याला लागणारी ऊर्जा मिळालेल्या ऊर्जेएवढीच, आणि घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त. खड्डा एका वाटेनं भरला आणि दुसऱ्या वाटेनं उपसला म्हणून हिशोब बदलत नाही. किती खालून किती वर, एवढंच मोजलं जातं.

आणि त्या एका खेळात मिळतं किती? प्रत्येकी एक चौरस मीटरच्या दोन प्लेटा लांबून आणून एकमेकींपासून 10 नॅनोमीटरवर सोडल्या असं धरू. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. 10 नॅनोमीटर ही केसाच्या जाडीच्या साधारण दहा हजाराव्या हिश्श्याची फट. तिथे प्लेटांवरचा दाब वातावरणाच्या दाबाइतका होतो, म्हणून ऐकायला भारी वाटतं. मिळणारी ऊर्जा मात्र सुमारे 0.4 मिलिज्यूल. तांदळाचे दोन दाणे जमिनीवरून मीटरभर उचलण्याइतकी. तीही आरसे आदर्श धरून. खऱ्या धातूत आणखी कमी.

विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. तेवढ्यासाठी अशा प्लेटा लागतील सुमारे 8,300 चौरस किलोमीटर. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ 8,208 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे मंडणगडापासून राजापुरापर्यंत अख्खा जिल्हा केसाच्या दहा हजाराव्या फटीनं प्लेटांनी मढवायचा आणि त्या मिटू द्यायच्या. इस्त्री तासभर चालेल. एकदाच.

## "पण भरती-ओहोटीवर वीज होतेच ना?"

हा प्रश्न मामांनीच विचारला आणि तो चांगला आहे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी 1966 पासून भरतीवर वीज होते. म्हणजे समुद्रातून वीज निघते की! निघते, पण ती समुद्राची नसते. चंद्र आणि फिरणारी पृथ्वी मिळून पाणी वर-खाली करतात आणि त्या हिशोबात पृथ्वीचं फिरणं अतिशय सावकाश मंदावतं. उतार बाहेरून कुणीतरी तयार करून देतं. पोकळीसाठी असा चंद्र कोण, हे प्रत्येक दावेदारानं सांगायला हवं. बरेचदा तो चंद्र भिंतीवरच्या सॉकेटमध्ये सापडतो.

## "आरसा आरसाच राहिला नाही तर?"

सगळ्यांत चलाख युक्ती ही. प्लेटा आरसे असतात तेव्हा ओढ जास्त. म्हणून त्यांना मिटू द्यायचं, काम करून घ्यायचं, मग लेझर किंवा दुसऱ्या कशानं त्यांचा आरसेपणा कमी करायचा. ओढ घटली की त्या स्वस्तात उघडायच्या आणि पुन्हा आरसा चालू. 1999 मध्ये फाब्रित्सिओ पिंटो यांनी असं इंजिन एका नामांकित संशोधनपत्रिकेत मांडलं. कागदावर दर फेरीला काहीतरी हातात उरतं असं दिसतं.

लोहचुंबक आणि खिळा घ्या. चुंबकानं खिळा ओढला, वाटेत काम झालं. आता चुंबकाचं चुंबकत्व घालवलं की खिळा आपोआप सुटेल, मग फुकट झालं की! पण खिळा चिकटलेला असताना चुंबकत्व घालवायला, खिळा दूर असताना लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि ती तंतोतंत तेवढीच जास्त. प्लेटांचंही तसंच. जवळ असताना त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतलेले असतात. आरसेपणा मोडायचा म्हणजे तो गुंता मोडायचा. उघडताना वाचवलेली किंमत बटण दाबताना मोजावी लागते. ही ओढ केवळ अंतरावर अवलंबून नसून प्लेटांच्या धातूवरही अवलंबून आहे, हे एकदा मान्य केलं की बटणाचा खर्च वेगळा काढून ठेवता येत नाही.

## "डायोड लावा ना"

पोकळीची थरथर दोन्ही दिशांना आहे. एका दिशेचीच जाऊ द्या, म्हणजे एकदिश वीजप्रवाह मिळेल, ही दुसरी आवडती कल्पना. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग. अडचण अशी की डायोडही त्याच जगात, त्याच तापमानात आणि त्याच पोकळीत बसलेला असतो. त्याच्या आतही तीच थरथर असते. दार एकाच बाजूला उघडतं, पण दारच थरथरत असेल तर ते दोन्ही बाजूंना माणसं सोडत राहतं. सगळीकडे एकच पातळी असेल तर दोन्ही बाजूंची ये-जा बरोबर फिटते.

कोलोरॅडो विद्यापीठाचे गॅरेट मॉडेल यांनी एका सहलेखिकेबरोबर अशा सुचवण्यांची छाननी केली. प्लेटांची उघडझाप आणि डायोडसारखे उपाय, दोन्ही कितीही कल्पकतेनं केले तरी उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या हिशोबाच्या, नियमांत बसत नाहीत, हा त्यांचाच निष्कर्ष. गंमत म्हणजे याच मॉडेल यांच्या गटानं 2021 मध्ये एक वेगळं उपकरण प्रसिद्ध केलं. धातूच्या दोन थरांमध्ये अतिशय पातळ विद्युतरोधक आणि एका बाजूला प्रकाशाला कोंडणारी बारीक फट. बाहेरून विजेचा दाब न देताही त्यातून अत्यल्प प्रवाह वाहिला, असा दावा. मी याला थापाड्यांच्या रांगेत बसवणार नाही. माणूस गंभीर आहे आणि मोजमाप उघड्यावर मांडलंय. पण इतक्या सूक्ष्म प्रवाहाला तापमानातला किरकोळ फरक, जोडण्या, मोजणारं यंत्र अशी पन्नास कारणं असू शकतात. दुसऱ्या प्रयोगशाळेनं, वेगळ्या हातांनी, तेच उपकरण महिनोन्‌महिने चालवून दाखवलं, की मग पुन्हा बोलू.

## "स्वीडनमध्ये पोकळीतून प्रकाश काढलाय"

काढलाय. 2011 मध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात ख्रिस विल्सन, पेर डेल्सिंग आणि सहकाऱ्यांनी. आरसा प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाईल इतक्या जोरात हलवला तर पोकळीतली थरथर खऱ्या फोटॉनांत, म्हणजे प्रकाशाच्या कणांत, बदलेल, हे भाकीत 1970 पासून होतं. खरा आरसा तितका हलवणं अशक्य. त्यांनी अतिवाहक (विजेला अजिबात अडवत नाही असं) विद्युतमंडल वापरून आरशाची जागा विजेनंच बदलत ठेवली, सेकंदाला हजार कोटींहून जास्त वेळा. आणि मायक्रोवेव्हचे फोटॉन जोडीजोडीनं बाहेर पडले.

बातम्यांचे मथळे 'शून्यातून प्रकाश' असे होते. शून्यातून नव्हे. ताकाचं लोणी रवीतून येत नाही हे खरं, पण रवी फिरवणाऱ्या हाताशिवाय ते वर येत नाही. इथे तर लोणीही हाताच्याच मेहनतीचं. फोटॉनांची सगळी ऊर्जा त्या आरशाला हलवणाऱ्या विजेतून आली. पोकळीनं बी पुरवलं, खत-पाणी वीजमीटरचं.

## "आणि ती टेलिपोर्ट होणारी ऊर्जा?"

जपानच्या तोहोकू विद्यापीठातले मासाहिरो होत्ता यांनी 2008 मध्ये मांडलेली ही कल्पना मला मनापासून आवडते. पोकळीत दोन शेजारच्या जागांची थरथर पूर्णपणे स्वतंत्र नसते, त्यांचा आपसात मेळ असतो. 'अ' ठिकाणी मोजमाप केलं, त्याचा निकाल फोनवरून 'ब' ला कळवला, तर 'ब' ती माहिती वापरून आपल्या जागेतून थोडी ऊर्जा काढून घेऊ शकतो. 2022 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथे छोट्या प्रमाणावर प्रयोगही झाला.

जुन्या मनीऑर्डरसारखं आहे हे. इथे भरलेली नोट इथेच राहते, निरोप पुढे जातो आणि तिकडचं पोस्ट स्वतःच्या गल्ल्यातून पैसे देतं. पण 'अ' ला मोजमाप करताना जी ऊर्जा ओतावी लागते ती 'ब' ला मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमी जास्त असते. भरणा जास्त, हाती कमी. मनीऑर्डरवर कोणी श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही.

## समुद्र उकळणारा कप

आता तो कप. लाटा जितक्या आखूड तितकी प्रत्येकीची थरथर जास्त, आणि आखूड लाटांना अंतच नाही. सगळ्यांची बेरीज अनंत येते. म्हणून कुठेतरी थांबायचं ठरवतात. आपल्या ठाऊक असलेल्या भौतिकशास्त्राच्या शेवटच्या टोकाला थांबलं तर एका घनमीटरात 1 वर 113 शून्यं इतके ज्यूल निघतात. समुद्र उकळतात ते या आकड्यावर.

पण ऊर्जा असेल तर तिला गुरुत्वाकर्षणही असतं, आणि इतकी ऊर्जा असती तर विश्वाचा असा काही परिणाम झाला असता की हे वाचायला आपण नसतो. विश्व वेगानं फुगतंय हे 1998 मध्ये कळलं. त्या फुगण्यामागची ऊर्जा पोकळीचीच असं धरलं, तर तिची घनता मोजता येते. घनमीटराला एक ज्यूलचा सुमारे दोनशे कोटीवा भाग. गणित आणि मोजमाप यांत 120 च्या आसपास शून्यांचा फरक पडला. हे भौतिकशास्त्राचं जुनं, न सुटलेलं कोडं आहे, आणि व्हिडिओवाले त्यातला चुकलेला आकडा उचलतात.

मोजलेला आकडा धरू. चहाच्या कपात मावणारी पोकळीची ऊर्जा उडत्या डासाच्या ऊर्जेच्या दहा लाखाव्या भागाइतकीही नाही. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानात मिळून साधारण 1 लाख 60 हजार युनिट. महिन्याला 200 युनिट जाळणारी 800 घरं एक महिना चालतील, आणि पृथ्वी संपली. शिवाय ही ऊर्जा सगळीकडे एकसारखी पसरलेली, उतार नाहीच.

## "शास्त्रज्ञ याआधीही चुकलेत"

चुकलेत, आणि मोठे मोठे चुकलेत. 1933 मध्ये खुद्द अर्नेस्ट रदरफर्ड यांनी अणूतून ऊर्जा मिळवण्याच्या गोष्टींना बाष्कळ ठरवलं होतं. ते भाषण वर्तमानपत्रात वाचून चिडलेल्या लिओ झिलार्ड यांना लंडनच्या रस्त्यावर साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली, आणि 1942 च्या डिसेंबरात शिकागोत पहिली अणुभट्टी चालली.

पण नीट बघा. अणुऊर्जेत उतार आहे की नाही, यावर वाद नव्हता. युरेनियमसारखी जड केंद्रं ऊर्जेच्या टेकडीवर बसलेली आहेत आणि मधल्या वजनाची केंद्रं खाली दरीत, हे वस्तुमानांच्या मोजमापांतून दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की बोगदा खणायचा कसा. रदरफर्ड बोगद्याबद्दल चुकले. पोकळीच्या बाबतीत बोगदा खणायची हत्यारं आहेत, दरीच नाही.

आपल्याकडेही ही ओढ जुनी. ब्रह्मगुप्तानं सातव्या शतकात आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकांची वर्णनं केली आहेत. चाकं फिरली नाहीत, पण ती का फिरत नाहीत हे शोधताना ऊर्जेचा हिशोब मांडायला माणूस शिकला.

## समजा, तळपातळी हा तळच नसेल तर?

हा एकच आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. आपण ज्याला तळ म्हणतो तो कदाचित डोंगरातला एखादा मधला खळगा असेल आणि खरा तळ आणखी खाली. सिडनी कोलमन यांनी 1977 मध्ये याचं गणित मांडलं. हिग्ज कण 2012 मध्ये सापडला आणि त्याचं वस्तुमान मोजलं गेलं, तेव्हा आकडे पाहून अनेकांना वाटलं की आपली पोकळी अशा खळग्यातच असू शकते.

तसं असेल तर मामांना हवा तो टेलरेस खरंच आहे. फक्त तो उघडला तर बाहेर पडणारी ऊर्जा तारेतून घरात येणार नाही. खऱ्या तळाचा एक बुडबुडा तयार होईल आणि जवळपास प्रकाशाच्या वेगानं पसरत जाईल. आत अणू, तारा, मीटर यांतलं काहीच आजच्या रूपात उरणार नाही. असं आपोआप घडायला विश्वाच्या वयाच्या कितीतरी पट काळ लागेल असं गणित सांगतं, त्यामुळे यंदाचं कर्ज फेडायचं टाळू नका.

## मग पोकळी कशाच कामाची नाही का?

वीज सोडून बऱ्याच कामाची आहे. तिची थरथर पूर्णपणे यादृच्छिक असते, म्हणजे पुढचा ठोका कुणालाच ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत ती मोजून संगणकांसाठी अस्सल यादृच्छिक आकडे तयार करतात. सूक्ष्म यंत्रांत सुटे भाग एकमेकांना चिकटून बसतात त्यातही कॅसिमिरच्या ओढीचा हात असतो, म्हणून अभियंत्यांना तिचा हिशोब धरावाच लागतो.

आणि एक उदाहरण आपल्या घरचं होऊ घातलंय. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगो प्रकल्पाचा भारतातला शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत लेझरचा झोत ये-जा करतो आणि प्रोटॉनहून कितीतरी लहान अंतर मोजायचं असतं. तिथे पोकळीची थरथर लेझरमध्ये मिसळून खुसखुस करते आणि लहरीचा आवाज दाबून टाकते. अमेरिकेतल्या दोन शोधकांत 2019 पासून या थरथरीला 'पिळून' घेतात. एका बाजूची अनिश्चितता कमी करायची, दुसऱ्या बाजूची वाढू द्यायची, आणि मोजमाप कमी अनिश्चित बाजूवर घ्यायचं. हायझेनबर्गचा नियम मोडत नाही, फक्त त्याच्याकडून सोयीची बाजू मागून घेतली जाते.

मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अरे, ती थरथर पिळायला वीज किती लागते?" लेझर, स्फटिक, नियंत्रण यंत्रणा, सगळ्यांनाच वीज लागते, मी म्हणालो. "म्हणजे तिथेही मीटर आहे तर," मामा म्हणाले, आणि हिंगोलीला कुठल्या उपकेंद्रावरून लाइन जाणार ते विचारू लागले.